नागपूरच्या लाइनी

परभाषेतून आलेल्या शब्दांच्या दोन जाती असतात. काही शब्द पाहुण्यासारखे येतात, बैठकीत मान घेऊन बसतात आणि बैठकीतच राहतात. काही मात्र उंबरा ओलांडून थेट माजघरात शिरतात आणि पुढे ते बाहेरचे होते याची घरच्या माणसांनाही आठवण राहत नाही. ‘लाइन’ हा दुसऱ्या जातीचा शब्द आहे. त्याला मराठीत लिंग मिळाले, अनेकवचन मिळाले, विभक्तीचे प्रत्यय लागले. ‘लाइनीत’, ‘लाइनीवर’, ‘लाइनीने’ म्हणताना कोणाचीही जीभ अडखळत नाही.

नागपुरात सकाळी घराबाहेर पडलेल्या माणसाच्या कानावर तो किती प्रकारांनी पडतो ते पाहावे. रॉकेलच्या दुकानापुढे एके काळी ‘लाइन लागत’ असे. आज ती दवाखान्यापुढे लागते. वीज गेली की ‘लाइन गेली’. शेजाऱ्याच्या मुलाने बापाचे किराणा दुकान सोडून औषधांची एजन्सी घेतली, तर त्याने ‘लाइन बदलली’. उनाड पोरगा नोकरीला लागला की तो ‘लाइनीवर आला’, आणि लागला नाही तर कॉलेजच्या फाटकापाशी ‘लाइन मारत’ उभा असतो. पत्ता विचारावा तर कोणी ‘सिव्हिल लाइन्स’ सांगतो, कोणी ‘पोलिस लाइन टाकळी’. आणि नागभीडकडचा म्हातारा माणूस आगगाडीची आठवण काढू लागला, म्हणजे ती हटकून ‘छोटी लाइन’ असते.

कोशकार हे सारे अर्थ एकाखाली एक आकडे घालून मांडतो आणि मोकळा होतो. त्याचे काम तेवढेच आहे. परंतु नागपुरात हे अर्थ एकदम आलेले नाहीत. ते हप्त्याहप्त्याने आले. प्रत्येक हप्त्याबरोबर कोणी ना कोणी नवा माणूस, नवे हत्यार किंवा नवा हुकूम आला. म्हणून मला असे वाटते की, १८१७ पासूनचा नागपूरचा इतिहास या एका शब्दाचे अर्थ ज्या क्रमाने गावात उतरले त्या क्रमाने सांगता येईल. निदान तसा प्रयत्न करून पाहण्यास हरकत नसावी.

आधी शब्दाचे कूळ. ‘लाइन’ हा शब्द लॅटिन ‘लिनिआ’पासून आला आणि ‘लिनिआ’ म्हणजे ‘लिनम’चा धागा. लिनम म्हणजे कोण? तर ज्याला कोणी अळशी म्हणतात आणि आम्ही वैदर्भीय जवस म्हणतो, तेच हे झाड. युरोपात त्याच्या खोडाचा वाख काढून सूत काततात. त्या सुताचे कापड ते लिनन. त्या कापडाचा कोटाला आतून लावलेला थर ते लायनिंग. त्याच्या बियांच्या तेलापासून एकोणिसाव्या शतकात इंग्लंडात जमिनीवर अंथरण्याचे जे कापड निघाले, ते लिनोलियम. म्हणजे रेघ, रांग, रूळ, वंश, धंदा हे ‘लाइन’चे सारे अर्थ मुळात जवसाच्या एका ताणून धरलेल्या दोऱ्यावर ओवलेले आहेत. दोरा ताणला की सरळ रेघ मिळते. रेघेवर माणसे उभी केली की रांग होते. रेघेवरून चालत गेले की मार्ग होतो. बापाकडून मुलाकडे तोच धागा गेला की वंश होतो. अर्थविस्ताराची ही चाल काही विलक्षण नाही. आपल्याकडेही सूत धरूनच ‘सूत्र’ झाले, नाटकात ‘सूत्रधार’ आला, आणि त्याच सूत्रधारापासून झिजत झिजत लाकूडकाम करणारा ‘सुतार’ झाला. भेद इतकाच की मराठीने पुढची कामे वाटून दिली. रेघ, ओळ, रांग, पंगत, दोरी, वंश, वाट अशी प्रत्येक कामाला वेगळी व्यक्ती नेमली. इंग्रजीने एकाच गड्याकडून सगळी कामे करवून घेतली. तो गडी आमच्या गावी आला तेव्हा साहजिकच प्रत्येक वेळी वेगळा पोशाख घालून आला आणि बराच काळ लोकांना तो एकच इसम आहे हे कळले नाही.

यातली गंमत अशी की, ज्या झाडाने इंग्रजीला हा शब्द दिला, ते झाड इंग्रज येण्यापूर्वीपासून आमच्या शेतात होतेच. रब्बीच्या हंगामात विदर्भातील काळ्या जमिनीवर जवसाची निळी फुले ज्याने पाहिली आहेत, त्याला ती विसरणे कठीण. परंतु येथे कोणी त्याचे सूत काढले नाही. आमच्याकडे जवस तेलासाठी आणि चटणीसाठी. सुताला कापूस होता. मग त्या काटकुळ्या झाडाच्या वाखाच्या नादी कोण लागतो? नागपूरच्या कृषी महाविद्यालयात जवसाच्या जातींवर पुढे पुष्कळ काम झाले, तेही मुख्यतः दाण्यासाठी आणि तेलासाठी. शब्द ज्या धाग्यापासून निघाला तो धागा तेवढा आम्ही शेतातच ठेवला.

आता शब्दाच्या पहिल्या आगमनाकडे येऊ. तो लष्कराबरोबर आला. त्या काळच्या इंग्रज शिपायाला ‘लाइन’ हा शब्द हिंदुस्थानच्या किनाऱ्याला पाय लागण्यापूर्वीच भेटलेला असे. सुएझचा कालवा १८६९ मध्ये खुला झाला. त्याआधी जहाजे आफ्रिकेला वळसा घालून येत आणि वाटेत विषुववृत्त ओलांडत. खलाशांच्या भाषेत विषुववृत्त म्हणजे नुसती ‘लाइन’. ती प्रथमच ओलांडणाऱ्याची दाढी करण्याचे, त्याला पाण्यात बुचकळण्याचे सोंग जहाजावर थाटाने होई. तो ज्या पलटणीत असे तीही पुष्कळदा ‘लाइन’ची पलटण, म्हणजे लढाईत ओळ धरून उभी राहणारी. आणि छावणीत तो येई तेव्हा हिंदी शिपायांच्या झोपड्यांच्या ज्या सरळ रांगा त्याला दिसत, त्यांचेही नाव ‘लाइन्स’.

भोसल्यांच्या राज्याशी या ओळीची पहिली मोठी गाठ १८०३ मध्ये पडली. आर्थर वेलस्ली याने २९ नोव्हेंबरला अडगावच्या मैदानात आणि डिसेंबरात गाविलगडावर विजय मिळवला. १७ डिसेंबरच्या देवगावच्या तहाने दुसऱ्या रघूजी भोसल्याला वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख सोडावा लागला. नदी ही सरहद्द झाली. याच वेलस्लीने पुढे १८१० मध्ये पोर्तुगालात फ्रेंचांना अडवण्यासाठी ज्या तटबंद्या उभारल्या, त्यांना युरोपच्या इतिहासात ‘टॉरेस व्हेद्रासच्या लाइन्स’ म्हणतात. वऱ्हाडात रेघ आखून गेलेला माणूस तो. रेघांची सवय लागली असावी.

तहानंतर नागपुरास रेसिडेंट आला. पुढे १८१७ च्या नोव्हेंबरात २६ आणि २७ तारखांना सीताबर्डीच्या टेकड्यांवर आप्पासाहेब भोसले आणि कंपनी यांच्या फौजा भिडल्या. रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्सच्या बाजूने लढणाऱ्या पायदळात मद्रासी पलटणी होत्या. लढाई इंग्रजांनी जिंकली आणि त्यानंतर चार वर्षांनी, १८२१ मध्ये, कन्हान नदीच्या काठी कामठीची छावणी वसली. ‘कॅम्प टी’ यावरून ‘कामठी’ झाले अशी एक लोकप्रिय कथा आहे. ती सांगणाऱ्याला आनंद होतो, एवढाच तिचा पुरावा. छावणी नदीला धरून लांबट पसरली, आणि तिच्यात लाइनी आल्या.

या लाइनी कशा असत हे नीट समजून घेतले पाहिजे, कारण पुढचे सारे त्यात आहे. पलटणीच्या प्रत्येक कंपनीसाठी झोपड्यांची एक रांग. झोपडी शिपायाने आपली आपण बांधायची. त्यासाठी सरकार थोडा भत्ता देई. रांगांच्या पुढे कवायतीचे मैदान आणि हत्यारे कुलपात ठेवण्याची एक लहान कोठी. अंमलदार येथे राहत नसत. त्यांचे बंगले दूर, आवारात, झाडीत. मद्रासी शिपाई बायकामुलांसह राहत असे, त्यामुळे लाइन म्हणजे एक लहानसा गावच होता. पण तो सरळ रेषेत ठेवलेला गाव, ज्याच्या एका टोकाला उभे राहिले की दुसऱ्या टोकापर्यंत दिसावे. कामठी-नागपुरात तामिळ व तेलुगू बोलणारी जी जुनी घराणी आहेत, त्यांतील अनेकांचे पूर्वज या लाइनींच्या आणि लष्करी पुरवठ्याच्या वाटेने आले. नागपूरच्या टाकळीलाही अशीच फौज होती. १८५७ च्या जूनमध्ये तेथील घोडदळाने शहरातील काही लोकांच्या साहाय्याने उठावाचा बेत केला होता. तो वेळीच फुटला आणि कामठीहून आलेल्या मद्रासी फौजेच्या बळावर मोडण्यात आला. म्हणजे एका लाइनीतल्या शिपायांनी दुसऱ्या लाइनीतल्यांना अडवले. आज त्याच टाकळीच्या नावामागे ‘पोलिस लाइन’ हे शब्द लागतात, आणि तेथल्या नव्या घरांत राहणाऱ्या मुलांना ते शब्द ‘रामदासपेठ’ किंवा ‘धंतोली’ यांच्यासारखेच निरुपद्रवी वाटतात.

दुसरा माणूस जो ही लाइन घेऊन आमच्या बाजूस आला, त्याच्या हाती बंदूक नव्हती. विल्यम लॅम्बटनने १८०२ मध्ये मद्रासजवळ एक पायारेषा साखळ्यांनी मोजली आणि तिच्या आधारे त्रिकोणामागून त्रिकोण टाकीत तो उत्तरेकडे निघाला. वीस वर्षे तो ही न दिसणारी रेषा ओढत होता. हैदराबादेहून मुक्काम हलवून नागपुरास नेण्याचा त्याचा विचार होता. परंतु २० जानेवारी १८२३ रोजी वाटेत हिंगणघाट येथे त्याचे देहावसान झाले. त्याची कबर तेथेच आहे. काम पुढे जॉर्ज एव्हरेस्टने चालवले, आणि जगातील सर्वांत उंच शिखराला नाव मिळाले ते एव्हरेस्टचे. हिंगणघाट कापसासाठी प्रसिद्ध झाले. रेघ ओढणाऱ्या त्या म्हाताऱ्याची कबर पाहायला फारसे कोणी जात नाही. नागपुरात या मोजणीची खूण म्हणून झीरो माइलचा खांब आहे. त्यावरील वर्ष १९०७. हा हिंदुस्थानचा मध्य, असे आम्ही पाहुण्यांना अभिमानाने सांगतो. पण मोजणीवाल्यांच्या दृष्टीने तो मुख्यतः उंचीची खूण होता. समुद्रापासून आत आत नेलेल्या समतलनाच्या रेषेवरचा एक टप्पा. १०२०.१७१ फूट ही ती उंची. फुटाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजणाऱ्या लोकांच्या राज्यात आपण होतो, ही गोष्ट त्या खांबापाशी उभे राहिले की नीट उमगते.

यानंतरची लाइन वंशाची. इंग्रजीत घराण्याच्या परंपरेलाही ‘लाइन’ म्हणतात. ११ डिसेंबर १८५३ रोजी तिसरे रघूजी भोसले वारले. त्यांना मुलगा नव्हता आणि त्यांनी दत्तकही घेतलेला नव्हता. आपल्या धर्मशास्त्राप्रमाणे आणि राजघराण्यांच्या रूढीप्रमाणे मागे राहिलेल्या राण्यांनी दत्तक घेणे यात नवल काहीच नव्हते. दुसऱ्या रघूजीची विधवा बाकाबाई ही वयोवृद्ध आणि करारी बाई अजून हयात होती. घरच्यांनी मुलगा निवडलाही. तोच पुढे जानोजी. परंतु लॉर्ड डलहौसीने १८५४ च्या जानेवारीत लेखणी उचलली आणि वारस नाही म्हणून राज्य खालसा, असा निर्णय दिला. वंशाचा धागा रक्तानेच जावा लागतो की मायेने आणि मंत्राने बांधलेली गाठही धागाच असते, हा खरा वाद होता. आपल्याकडे शेकडो वर्षे गाठीला धागा मानले होते. डलहौसीला ती गाठ मान्य नव्हती. त्याने कात्री चालवली. राजवाड्यातील जडजवाहीर लिलावासाठी कलकत्त्यास गेले; हत्ती, घोडे, बैल येथेच विकले गेले. पुढे जानोजीस ‘देऊरचे राजाबहादूर’ ही पदवी आणि नेमणूक मिळाली. राज्य मात्र मिळाले नाही.

एक लाइन अशी संपली आणि दुसरी सुरू झाली. राजा गेल्यावर कमिशनर आला. २ नोव्हेंबर १८६१ रोजी मध्य प्रांत निर्माण झाला, नागपूर त्याची राजधानी झाली, आणि सीताबर्डीच्या पश्चिमेला मुलकी अंमलदारांची वसाहत वाढली. तिचे नाव ‘सिव्हिल लाइन्स’.

या नावाकडे जरा निरखून पाहिले पाहिजे. ‘सिव्हिल’ म्हणजे मुलकी, बिगरलष्करी. ‘लाइन्स’ म्हणजे लष्करी झोपड्यांच्या रांगा. दोन शब्द एकमेकांकडे पाठ करून उभे आहेत. शिवाय या वस्तीत एकही लाइन नव्हती! प्रत्येक बंगला एकेका विस्तीर्ण आवारात, रस्त्यापासून आत, मध्ये चिंचा आणि कडुनिंब, बाजूला नोकरांच्या खोल्या. शेजारच्या बंगल्यातला माणूस दिसू नये अशीच योजना. रांगा होत्या त्या नोकरांच्या खोल्यांच्या. खऱ्या लाइनीत राहणारा शिपाई आणि लाइन्स हे नाव मिरवणारा साहेब, यांच्यात हा असा अदलाबदलीचा व्यवहार झाला: ज्याला रांगेत उभे राहावे लागत नाही त्याच्या मोहल्ल्याला रांगेचे नाव मिळाले. उत्तर हिंदुस्थानात, अलाहाबाद, दिल्ली, कानपूर येथे हे नाव रुळलेले होते. पुण्यामुंबईकडे साहेबाच्या वस्तीला ‘कॅम्प’ किंवा ‘फोर्ट’ म्हणत. मध्य प्रांताच्या कारभाराचे वळण उत्तरेकडचे. म्हणून विदर्भात नागपूर, अकोला, वर्धा, चंद्रपूर येथे ‘सिव्हिल लाइन्स’ सापडतात. महाराष्ट्राच्या नकाशावर विदर्भाचा कारभार वेगळ्या वाटेने आला होता हे कोणाला थोडक्यात दाखवायचे असेल, तर मी हे दोन शब्द दाखवीन.

त्याच वेळी शुक्रवारी तलावाच्या पलीकडचे जुने शहर आपल्या पद्धतीने चाललेले होते. तेथल्या वस्त्यांची नावे पाहा: इतवारी, बुधवारी, शुक्रवारी, शनिवारी. बाजाराचा जो वार तेच मोहल्ल्याचे नाव. राजवाड्याभोवतीचा तो महाल. घर घराला चिकटलेले, ओटा ओट्याला लागलेला, एका भिंतीवर दोघांचे छप्पर. रांग म्हणावी तर ही रांग होती, पण तिला कोणी लाइन म्हटले नाही. दोन नागपुरांमध्ये सीताबर्डीची टेकडी आणि तिच्यावरचा किल्ला. या बाजूला वारांची नावे, त्या बाजूला लाइन्स. नागपूरचा कारकून रोज सकाळी एका नावातून निघून दुसऱ्या नावात जाई आणि संध्याकाळी परत येई. कित्येक पिढ्यांनी ही ये-जा केली. साहेबाच्या आवारातून त्यांनी आणलेल्या गोष्टींत चहा होता, घड्याळ होते, अर्जाची भाषा होती, आणि हा शब्दही होता.

मात्र शब्द खरोखर गावाच्या मालकीचा झाला तो आगगाडीमुळे. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचे रूळ भुसावळहून १८६७ मध्ये नागपूरला येऊन पोचले. वऱ्हाडचा आणि हिंगणघाटचा कापूस मुंबईच्या बंदरात लवकर पोचावा ही त्यामागची घाई. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने १८६१ ते १८६५ या काळात मँचेस्टरच्या गिरण्यांना कापसाचा जो दुष्काळ दाखवला होता, तो ताजा होता. म्हणजे जवसाच्या धाग्यावरून नाव घेतलेल्या लाइनीवरून कापसाच्या धाग्याची वाहतूक सुरू झाली. जमशेटजी टाटांनी ओळखले की कापूस येथून मुंबईला आणि तेथून विलायतेला पाठवण्यापेक्षा येथेच कातावा. १ जानेवारी १८७७ रोजी, व्हिक्टोरिया राणीच्या ‘एम्प्रेस’ पदवीच्या दिवशी, त्यांची एम्प्रेस मिल सुरू झाली. त्या काळच्या गिरण्यांत छताजवळून एक लांबलचक लोखंडी दांडा फिरत असे आणि त्यावरचे पट्टे खालच्या प्रत्येक यंत्राला गती देत. त्या दांड्याचेही नाव ‘लाइनशाफ्ट’. हातमागावर बसणाऱ्या कोष्ट्याचा पोरगा गिरणीत गेला तेव्हा हा शब्द त्याच्या डोक्यावर दिवसभर घरघरत असणार. घरी बाप तेच सूत हाताने ओढीत होता. त्या दोघांमध्ये काय बोलणे होत असेल याची मी पुष्कळदा कल्पना करतो.

पुढे नागपूर हे लाइनींचे गाव झाले. छत्तीसगडकडे जाणारी गाडी १८८० नंतर आधी मीटर गेजवर निघाली. १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने ती घेतली, रुंद केली आणि कलकत्त्याच्या बाजूला नेली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दीड दशकात सातपुड्यातील आणि वैनगंगेच्या बाजूची अडीच फुटी लाइन झाली. हीच ती ‘छोटी लाइन’. साडेपाच फुटी ती ‘बडी लाइन’. इंग्रजांच्या कागदात हे ‘गेज’ होते, म्हणजे दोन रुळांमधले माप. प्रवाशाला मापाशी काय कर्तव्य? त्याने माप सोडून दिले आणि नाते जोडले. घरात जशी थोरली आणि धाकटी, तशी बडी आणि छोटी. छोट्या लाइनीचा वेग इतका बेताचा की चढावर पोरे उतरून पुन्हा चढत, असे सांगणारे लोक प्रत्येक खेड्यात भेटतात. गुरे, कोंबड्या, जांभळांच्या टोपल्या, लग्नाची वऱ्हाडे, नागपूरच्या दवाखान्यात निघालेले आजारी, शाळेची पोरे यांना तीच एक वाट होती. कामठी-टाकळीच्या लाइनीत लोकांना ठेवले जात असे. या लाइनीने लोक स्वतः जात-येत. मला शब्दाच्या इतिहासातले हे वळण फार मोलाचे वाटते. साहेबाने ज्या शब्दाने माणसे वेगवेगळी केली, त्याच शब्दाने नागभीडची सासुरवाशीण माहेरी जाऊ लागली.

छिंदवाड्याकडची छोटी लाइन २०१५ मध्ये बंद झाली आणि पुढे तेथे बडी लाइन आली. नागभीडची २०१९ मध्ये थांबली. मोतीबागेत २००२ साली झालेल्या रेल्वे संग्रहालयात तिची इंजिने उभी आहेत. लहान मुले त्यांवर चढतात.

छिंदवाड्याच्या या लाइनीला आणखी एक रेघ आडवी गेलेली आहे. तिच्याविषयी लिहिल्यावाचून पुढे जाता येत नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ मध्ये विदर्भाचे वेगळे राज्य सुचवले होते. तसे न होता विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला, आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. नागपूर तोपर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी होते. एका दिवसात ते राजधानी राहिले नाही. सिव्हिल लाइन्समधल्या कचेऱ्यांतील कपाटे, टेबले, फायली आणि त्यांच्याबरोबर माणसे भोपाळला आणि मुंबईला गेली. मराठी बोलणारे नागपूर मराठी राज्यात आले ही आनंदाचीच गोष्ट. पण आनंदाच्या रेघेलाही दोन बाजू असतात. सौसर, पांढुर्णा, मुलताई येथील मराठी घरे रेघेच्या पलीकडे राहिली. तेथे मुलांना शाळेत हिंदी आणि घरी आजीची वऱ्हाडी-नागपुरी मराठी. नकाशावर ही रेघ ठळक होती. छोटी लाइन मात्र सावनेरहून सौसरला पूर्वीसारखीच जात राहिली. रेघ कुठे ओलांडली हे डब्यात बसलेल्या बाईला कळतही नसे. इंग्रजीत या दोहोंनाही ‘लाइन’च म्हणतात. नऊ वर्षांपूर्वी, १९४७ मध्ये, रॅडक्लिफ नावाच्या गृहस्थाने आखलेली लाइन ओलांडताना पंजाबात आणि बंगालात काय झाले हे आठवले, म्हणजे आपल्या वाट्याला आलेली रेघ किती सौम्य होती ते ध्यानात येते.

राजधानी गेली, तरी शब्द गेला नाही. उलट तो बाजारात अधिकच मोकळा झाला. रांगेचा अर्थ दुसऱ्या महायुद्धाच्या रेशनने पक्का केला. विजेचा अर्थ तारांबरोबर आला. तारायंत्राची तार, मग टेलिफोनची, मग दिव्याची. खांबावर चढणारा तो ‘लाइनमन’. खेड्यात त्याचा मान तलाठ्याच्या खालोखाल, आणि ओलिताच्या दिवसांत कदाचित वरही. ‘लाइन आली का?’ हा प्रश्न विदर्भातील शेतकऱ्याने रात्री दोन वाजता विचारला, तर त्याला रूळ, रांग, वंश यांपैकी काहीही अभिप्रेत नसते. त्याला मोटार चालू करून संत्र्याच्या बागेला पाणी द्यायचे असते. ‘वीज’ हा शब्द तो आकाशातल्या विजेसाठी राखून ठेवतो. मला तर हा विवेक पंडितांच्या परिभाषेपेक्षा चांगला वाटतो. धंद्याच्या अर्थाची ‘लाइन’ व्यापाऱ्यांनी आणली असावी. ‘आमच्या लाइनीत उधारी चालत नाही’ हे इतवारीतल्या पेढीवर ऐकावे. मुलींच्या मागे ‘लाइन मारण्या’चे श्रेय कोणाला द्यावे याचा निर्णय मी तरुण संशोधकांवर सोपवतो.

यावर आमचे भाषाशुद्धीवाले मित्र म्हणतील, की ओळ आहे, रांग आहे, रूळमार्ग आहे, मग हा परका शब्द कशाला? त्यांचा मुद्दा मला अमान्य नाही. कवितेची ओळ ही ओळच राहिली. तिला कोणी लाइन म्हटलेले मला रुचत नाही. पंगतीला तर कोणीच लाइन म्हणत नाही. म्हणून पाहा, जेवण कडू लागेल. जेथे आपला शब्द जिवंत होता तेथे तो हटला नाही. जेथे वस्तूच नवी होती, किंवा माणसांना उभे करण्याची रीतच नवी होती, तेथे लाइन आली. रेशनच्या दुकानापुढे उभे राहणे आणि पंगतीला बसणे या दोन गोष्टी एका शब्दाने बोलाव्यात असे गावाला वाटले नाही, यात गावाचे शहाणपण आहे.

आणि एक जागा अशी आहे की जेथे हा शब्द दोनशे वर्षे भटकून नेमका आपल्या मुळाशी आला. नागपुरात कोठेही बांधकाम चालू असेल तेथे पाहा. पाया खणण्यापूर्वी जमिनीवर चुन्याची फक्की टाकून खोल्या आखतात. त्याला म्हणतात ‘लाइनआउट’. मग विटांचा थर चढू लागला की गवंडी एका कोपऱ्यात एक खिळा ठोकतो, दुसऱ्या कोपऱ्यात दुसरा, आणि दोहोंमध्ये दोरा ताणतो. त्या दोऱ्याला लावून वीट बसते. या दोऱ्याचे नाव ‘लाइनदोरी’. लाइन म्हणजे मुळात ताणलेली दोरी, आणि दोरी म्हणजे दोरीच. लॅटिनमधला जवसाचा धागा आणि मराठीतली दोरी यांची अशी जोडी गवंड्याने जमवली, आणि हे त्याला कोणी सांगितले नव्हते. सिव्हिल लाइन्समधले जुने बंगले पाडून तेथे आता मजल्यांवर मजले चढतात, तेव्हाही भिंतीचा पहिला थर याच लाइनदोरीवर उभा राहतो. हल्ली ती नायलॉनची असते, रंग बहुधा पिवळा किंवा हिरवा. दिवस मावळला की गवंडी ती खिळ्याभोवती गुंडाळतो आणि थापीबरोबर पिशवीत टाकतो.